काकूंचं शाळूचं बी

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. बायकोनंही नाही. तुम्हाला सांगायला बसलो, तर एका शब्दापाशीच अडतोय — बाटवणं. चौथीत शाळा सुटली माझी. त्या शब्दाचा अर्थ मला पुस्तकानं नाही शिकवला.

बहात्तरच्या दुष्काळात जामखेड सोडलं आणि नेवाशाकडं एका घरी सालगडी राहिलो. त्यांच्या विहिरीला पाणी होतं. मालकाच्या आईला सगळे काकू म्हणत. वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही. त्या अन्नावर मी जगलो — म्हणून तर चीड येते. माझीच मला.

काकूंकडं सासूनं हाती दिलेलं शाळूचं बी होतं. दरसाल सखूबाई त्यासाठी कणसं निवडायची, दाणे राखेत घालून मडक्याचं तोंड लिंपायची. सखूबाई गावकुसाबाहेरची. घरातल्या पाण्याला तिनं हात लावायचा नाही. सुक्या धान्याला मात्र विटाळ नाही, असा रिवाज.

मला खायला हायब्रीड ज्वारी मिळे. अशात आईचा निरोप आला — रेशनची लाल मिलो ज्वारी गिळवत नाही, एकदा शाळूची भाकरी खावीशी वाटते. मागितला असता तर काकूंनी शाळू दिला नसता का? दिला असता. मला मागवेना. मडकं फोडून... नाही, फोडलं नाही. नुसतं तोंड उकरलं, वरचा शाळू काढला, माझी हायब्रीड ओतली, पुन्हा लिंपलं. मापाला माप. यात चोरी कुठं झाली, असं मनाला सांगितलं. आणि मनानं ऐकलंसुद्धा!

पुढच्या साली पाऊस झाला. तेच बी पेरलं. पेरताना पाभरीच्या चाड्यावर मूठ कुणाची? माझीच.

पीक आलं ते कुठं डोक्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं. काकू बांधावर बसून रडल्या.

"बी बाटवलं कुणीतरी," म्हणाल्या.

नाव घेतलं नाही. घ्यायला कशाला हवं? त्या शब्दाला गावात एकच वाट ठाऊक होती. सगळ्यांच्या माना सखूबाईकडं वळल्या.

"काकू, सुक्या दान्याला कवापासून इटाळ व्हाया लागला?" ती म्हणाली. मग एक बुटकं कणीस तळहातावर चोळून, "शिवल्यानं शाळूचं हायब्रीड हुतं व्हय? कुनीतरी वतलंय ह्ये."

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बैलाच्या दाव्याची गाठ सोडवत बसलो. दाव्याला गाठच नव्हती.

तिचं खळ्यावरचं काम तुटलं, त्याबरोबर तिच्या घरात येणारी ज्वारीही. लेकरं घेऊन ती कुठं गेली, मी विचारलं नाही.

काकू बांधावर रडल्या त्याच संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून गोमूत्राचा तांब्या हातात दिला. "मडकं शुद्ध करून घे बाबा," म्हणाल्या, "तुझा हात चांगला."

मी शिंपडलं. मडक्यावर, ओसरीवर, आणि सखूबाई कणसं निवडायला बसायची त्या जागेवर — तिथं दोनदा.