पिल्लं मोजायची नसतात

मावशी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पंखा बंद करायच्या. मे महिना असो, घरात पाहुणे बसलेले असोत, कुणाला न विचारता बटण खाली. मग दोन्ही तळवे स्वतःच्या गालांना लावून बघायच्या. गार वाटले तर एकमेकांवर घासायच्या आणि पुन्हा गालांना लावायच्या. "वारा बालाचा वैरी," एवढंच म्हणायच्या आणि बाळाला उचलायच्या.

बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या बाजूला राहणाऱ्या आणि घरी बाळ आलेल्या वाचकांना मी कुणाविषयी सांगते आहे ते एव्हाना कळलं असेल. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. गुडघ्यापर्यंतचं आगरी पद्धतीचं लुगडं, पायांत रबरी चपला, हातात तेलाची बाटली ठेवलेली कापडी पिशवी. खरवईहून चालत यायच्या आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायच्या. आमच्या मजल्यावरची तीन-चार मुलं आज शाळेच्या बसमध्ये चढताना दिसतात, ती सगळी त्यांच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून रडलेली आहेत.

त्यांची एक सवय मला फार खटकायची. त्या मुलं मोजत नसत आणि कुणाला मोजू देत नसत. "मावशी, आज किती बाळं झाली?" असं विचारलं की म्हणायच्या, "झाली थोरी." नातवंडं किती, तर "देवान दिलीत तेवढी." समोरच्या वहिनींना जुळं झालं तेव्हा मी सहज "दोन-दोन!" म्हणाले, तर मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं अभिनंदन गिळून टाकलं.

माझा स्वभाव नेमका उलटा. गॅसची टाकी कधी लावली, टँकर कधी आला, धोब्याकडे किती कपडे गेले, सगळं मी लिहून ठेवते. मावशी फ्रिजवर चिकटवलेल्या माझ्या कागदांकडे बघून म्हणायच्या, "बाय, तू एक दिवस नवऱ्याच्या डोक्याचे केस पन मोजशील."

"ते कधीच मोजून झाले मावशी, फार वेळ लागला नाही," मी म्हणायची. नवरा पेपरमागे जायचा.

तर या नवऱ्याने एकदा उल्हासनगरच्या बाजारातून सशांची जोडी आणली. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साहेब, दोनो भाई हैं. नो टेन्शन." पांढऱ्याचं नाव आम्ही राजा ठेवलं आणि करड्याचं प्रधान. बाल्कनीत लाकडी खोका, त्यात गवत, ग्रिलला जाळी. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

एके दिवशी सकाळी प्रधान तोंडात गवताचा झुपका धरून खोक्यात ये-जा करू लागला. छातीवरचे केस उपटून निघालेले. नवरा म्हणाला, खरूज झाली असणार. मी खोक्यात डोकावले तर कोपऱ्यात केसांचा एक मऊ ढीग होता आणि तो ढीग हलत होता.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "साईं, कुदरत है. मुबारक हो."

मावशी तेव्हा समोरच्या वहिनींकडे होत्या. मी त्यांनाच हाक मारली, कारण बाळंतपणातलं दुसरं कुणी मला ठाऊक नव्हतं. हात पुसत आल्या, हॉलचा पंखा बंद केला, तळवे गालांना लावले आणि बाल्कनीत बसकण मारली. बोटाने केस अलगद बाजूला केले. आत गुलाबी, उघडीवाघडी, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांत गुंतून पडली होती. बोटाएवढाली.

"किती आहेत हो?" मी विचारलं.

"मोजू नको." त्यांनी केस परत सारखे केले. "पयला बापाला भाईर काढ. बालंतिनीच्या खोलीत त्याचं काय काम?"

राजाला बाथरूममध्ये हलवलं. ग्रिलवर जुनी साडी बांधून उजेड कमी केला. इथवर ठीक होतं. पण प्रधान पिल्लांजवळ फिरकेना. मावशींना ते सहन होईना. त्यांनी तिला धरून पिल्लांवर बसवायचा प्रयत्न केला, तर तिने मागच्या पायांनी त्यांच्या हातावर लांब ओरखडा काढला.

"बालंतीन हाय का घोरी!" मावशी हात चोळत म्हणाल्या.

मी अंबरनाथच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाल्या, सशाची आई पिल्लांपाशी बसून राहत नाही. पहाटे आणि सांजेला येते, थोडाच वेळ पाजते आणि बाजूला होते. जबरदस्ती करू नका, वरचं दूध घालू नका. पिल्लांची पोटं गोल दिसली म्हणजे पाजलं आहे. आणि रोज मोजा. पाजून उडी मारताना एखादं पिल्लू तिला चिकटून बाहेर पडतं, आणि ती त्याला उचलून परत नेत नाही.

पहिली गोष्ट मावशींना एकदम पटली. "म्हंजे कामावर जानारी बाय हाय ती. सकाली पाजून गेली, सांजेला आली. आपल्या बदलापुरातल्या सगल्या तशाच." पण शेवटच्या गोष्टीवर त्यांनी मान हलवली. "डाक्टरनीला सांग, मोजून कोनाची पोरां मोठी व्हत नाय. पोटां बगू. मोजाचं नाय."

मी कागद काढला होता, तो परत ठेवला. खोक्यात हात घालायला त्याच हव्या होत्या. मला ती पिल्लं हातात धरवत नव्हती.

मग त्या आमच्याकडे रोज येऊ लागल्या, सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी घरी परतताना. केस बाजूला करून बोटाने एकेक पोट चाचपायच्या. "ह्याचं भरलंय. ह्याचं पन. ह्यो हावरा हाय." पिल्लांच्या अंगावर लव दिसायला लागली. मावशींच्या पिशवीत तेलाच्या बाटलीशेजारी आता कोथिंबिरीच्या काड्या असत. त्या प्रधानसाठी. ओरखड्याचा राग त्यांनी धरला नव्हता.

आणि एका सकाळी बाल्कनीतून त्यांची हाक आली. नेहमीची नव्हे.

तुळशीच्या कुंडीमागे, थंड फरशीवर एक पिल्लू पडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं होतं. आदल्या संध्याकाळी मावशींनी खोका पाहिला, तेव्हा आतल्या सगळ्यांची पोटं गोल होती. पण आत नसलेल्याचं पोट कोण बघणार? ते बहुधा तेव्हाच बाहेर पडलेलं होतं.

मावशींनी ते उचललं, चोळीच्या आत छातीशी धरलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसल्या. मी बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून दिलं. डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, गार पडलेलं पिल्लू ऊब मिळाल्यावर कधीकधी हलतं, अंग गरम होईपर्यंत आशा सोडू नका.

मावशींचा मोबाइल वाजत राहिला. पाणी तापवून, बाळांना उघडं करून घरोघरी बायका वाट बघत असणार. एरवी ताप असला तरी त्यांनी कुणाची अंघोळ चुकवलेली नव्हती. त्या दिवशी म्हणाल्या, "तू सांग. आज जमाचं नाय."

बऱ्याच वेळाने त्या बोलू लागल्या. माझ्याकडे न बघता.

"माझी पोरां अंगनात खेलत व्हती. सासू जोत्यावर बसलेली. तिनं मोठ्यान मोजली. शेजारनीला दाखवाला. त्याच साली तापानं धाकटी गेली." बाटली छातीजवळ सरकवत म्हणाल्या, "तवापासून मी कोनाची मोजली नाय. कोनाला मोजू दिली नाय."

मला त्यांना काही सांगावंसं वाटलं. तापाबद्दल, मोजण्याबद्दल, असं काही नसतं याबद्दल. पण न मोजण्याच्या ज्या नेमाचा त्यांना एवढी वर्षं आधार होता, तोच आज त्या पिल्लाबरोबर त्यांच्या छातीशी गार होऊन पडला होता. मी चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

उन्हं बाल्कनीतून सरकली तेव्हा त्यांनी पिल्लू बाहेर काढलं. अंग गरम झालं होतं. ते हललं मात्र नाही. त्यांनी अंगठ्याने त्याच्या छातीवर हलकेच चोळलं, बाळाला चोळतात तसं. मग थांबल्या.

"ऊब आली," म्हणाल्या, "जीव नाय आला."

गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बाल्कनीत गेल्या. मी मागोमाग गेले. एका हातात ते पिल्लू तसंच धरून त्यांनी दुसरा हात खोक्यात घातला.

"एक," मावशी म्हणाल्या. "दोन. तीन. चार. पाच." त्यांचं बोट प्रत्येक पाठीवर टेकत होतं. मग दुसऱ्या हातातल्या पिल्लाकडे बघून त्या म्हणाल्या, "आन् हे. सहा."

त्यानंतर रोज दोन्ही वेळा त्या मोजायच्या. मोठ्याने, मला ऐकू येईल असं. मोजताना घाबरायच्याच. पण चुकवलं नाही. पाचही पिल्लांचे डोळे उघडले, पाचही गवत खायला शिकली. मग आम्ही ओळखीची घरं शोधून ती देऊन टाकली. एक करड्या रंगाची मादी मावशींनी मागून घेतली. पदरात गुंडाळून नेली.

पुढच्या वर्षी त्यांना कावीळ झाली. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता आमच्या इमारतीत एजन्सीची मुलगी येते. चांगली आहे, वेळेवर येते.

त्या गेल्यावर मी खरवईला त्यांच्या घरी भेटायला गेले. चाळीवजा घर, पुढे थोडं अंगण. मावशींचे यजमान खाटेवर बसले होते. मी थोडा वेळ बसले. मी निघण्यासाठी उठले, तेव्हा त्यांनी कोबीचं एक पान घेतलं आणि खाटेखाली वाकून हाक मारली, "शेवंते, ये गो बाय."

करडा ससा बाहेर आला. चांगला भरला होता.

"छान नाव ठेवलंत," मी म्हणाले.

"तिनंच ठेवलं," ते म्हणाले. "आमच्या धाकटीचं हाय. इतकी वर्सं या घरात कोनी तोंडातून काढलं नव्हतं. मंग दिवसभर त्याच नावानं हाका मारीत बसाची."

शेवंतीने त्यांच्या हातातलं पान ओढून घेतलं आणि उन्हात जाऊन ती खात बसली.