घासाचा गडगडाट

घरातल्या म्हातारीनं न जेवताच ताट बाजूला सारलं, की तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? खरं सांगा. ‘नखरे’ हाच ना? नाहीतर ‘हट्ट’. फारच माया असेल तर ‘वय झालं आता’. मग आधी या बाईबद्दल ऐका.

वस्तीत तिला सगळे मोळेवाली म्हणायचे. उभं आयुष्य तिनं मोळ्यांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, कारखान्यात काढलं. एका बाजूनं तार यंत्रात शिरायची, दुसऱ्या बाजूनं मोळे पत्र्याच्या डब्यात बदाबदा पडायचे. अशा यंत्रांच्या रांगाच्या रांगा. मालकाच्या केबिनला जाड काच होती. बायकांच्या कानांना साधा कापसाचा बोळा नव्हता. बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या, हातांनी बोलायच्या. जेवणाच्या सुट्टीतही यंत्रं बंद होत नसत, त्यामुळे डबे उघडून सगळी चेष्टामस्करी चालायची ती खुणांनीच. असं करता करता मोळेवालीचे कान गेले.

“वयामुळे होतं असं,” कंपनीचा साहेब म्हणाला.

“वयामुळे? मग तुमच्या केबिनमधला म्हातारा कारकून कसं सगळं नीट ऐकतो?” मोळेवाली म्हणाली, आणि ऑफिसच्या पायरीवर बसली ती उठेचना. रोज आणखी काही जुन्या कामगारणी येऊन शेजारी बसायला लागल्या, तेव्हा साहेबाला घाम फुटला. तिला कानाचं मशीन मंजूर झालं. बाकीच्या बायकांचं काय? “तुमचा कसा अनुभव येतो ते बघू,” साहेब म्हणाला. म्हणजे सगळ्यांच्या कानांचा निकाल आता हिच्या कानांवर!

मशीन लावून ती वस्तीतून अशी चालली, जणू निवडणूक जिंकून आली. “कुजबुजू नका गं, आता सगळं ऐकू येतं!” असं दारादारात सांगत गेली.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मुलगा टेम्पो चालवायचा, सून औषधांच्या गोदामात पॅकिंगला जायची, नातीची शाळा. सगळे एकत्र सापडायचे ते एवढ्याच वेळी. नात शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती आणि मोळेवालीला ती चक्क पहिल्यापासून ऐकू येत होती. खुशीत तिनं टोस्टचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

आणि डोक्यात दगडफोड सुरू झाली.

कर्रर्र! खाड! प्रत्येक चावा थेट टाळूत आदळत होता. गिळलं की मोरीत बादली उपडी केल्यासारखं घळघळायचं. नातीचे ओठ हलत होते, पण गोष्ट त्या दणदणाटात कुठल्या कुठे वाहून गेली. मोळेवालीनं चावणं थांबवलं. नातीचा आवाज परत आला. चावलं, की गेला. थांबलं, की आला.

मशीन काढून ठेवावं, तर पुन्हा सगळी मुकी माणसं; घरच्यांना कारखान्यातल्या खुणा येत नव्हत्या, आणि त्यांच्या भरभर हलणाऱ्या ओठांवरून काही कळायचं नाही. ठेवावं, तर घास की गोष्ट, दोन्हींतलं एकच मिळणार. म्हातारीनं गोष्ट निवडली. घास गालात धरून ठेवायचा, सगळ्यांचं बोलून झालं की पाण्याबरोबर ढकलायचा. हळूहळू घासच घ्यायचे सोडले, आणि दिवसा एकटीसाठी ताट वाढून घ्यायची तिला कधी सवयच नव्हती. भूक तरी किती दिवस वाट बघणार? तीही मग येईनाशी झाली.

सांगायचं कुणाला? मशीनबद्दल एक वाकडा शब्द निघाला, तर साहेब टपूनच बसला होता. बाकीच्या बायकांचे अर्ज त्यानं हसत हसत कचऱ्यात टाकले असते.

इकडे घरचे आणखी मायेत. ती जेवत नाही म्हणून जेवताना तिच्याशी जास्तच बोलायचे. सून तर इरेला पेटलेली. कान गेलेले असताना सासूबाई नेहमी कुरकुरायच्या, “तुझा टोस्ट मऊ, तुझी काकडी मऊ.” बरोबरच आहे, खाल्लेलं वाजतंय हेच कळत नव्हतं ना! आता सून टोस्ट आणखी कडक भाजायची, दाणे आणखी खरपूस. ती बिचारी प्रेमानं ताटात वाढत होती, आणि म्हातारीच्या लेखी ते सुतळी बॉम्ब होते.

गळ्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाला, “पुढच्या आठवड्यापर्यंत असंच राहिलं तर दाखल करा. नाकातून नळी घालावी लागेल.”

“आई, तुला हवंय तरी काय?” मुलगा चिडून म्हणाला.

“काही नको. तू बोल ना, टेम्पोचं काय झालं सांगत होतास ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी आली. ही तिची कारखान्यातली जोडीदारीण, अंगानं सुकट, जिभेनं तिखट, कानांनी ठार. हिचाही अर्ज ऑफिसात पडून. तिनं मैत्रिणीचा गळा बघितला आणि हातांनीच विचारलं, ‘हे काय? सुकायची पाळी माझी होती ना?’

मोळेवाली हसली. टाचणीशी बोलायला मशीन कशाला हवं? तिनं ते काढून फडताळात ठेवलं. मधे काकडीचं ताट होतं. दोघी हातवारे करत बसल्या. साहेबाच्या चालण्याची नक्कल झाली, मुकादमाच्या मिशीची झाली. बोलणं डोळ्यांनी आणि खाणं तोंडानं, एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. ताट कधी संपलं कळलंच नाही. मग पाव. मग अंडं. मग कालचा भात.

सून गोदामातून लवकर आली होती. दारात उभी राहून तिनं हे सगळं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टाचणी जाईपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला. मग मशीन आणून सासूच्या हातात दिलं.

“घाला. ऐका जरा माझं. मैत्रिणीसमोर ताटच्या ताट फस्त, आणि माझ्या हातचं विष आहे का? सांगा ना आई, मी काय केलं तुमचं?”

साहेबासमोर न डगमगलेली बाई इथं डगमगली. “तुझं काही नाही गं. या मेल्याचं आहे.” तिनं कानाकडे बोट दाखवलं. “चावलं की डोक्यात कारखाना सुरू होतो. तुमचं काही ऐकूच येत नाही मग.”

सुनेनं क्षणभर तिच्याकडे रोखून बघितलं. खोटं तर नाही? मग तिनं मशीन काढून घेतलं, रबरी बोंड पदराला पुसलं, स्वतःच्या कानात घट्ट बसवलं आणि आपणच भाजलेला टोस्ट कडकन चावला.

“अगं आई गं!” ती जागची उडालीच. टोस्ट एकीकडे, ती एकीकडे. “हे... हे तुम्ही रोज? आणि मी मेली मुद्दाम कडक भाजतेय!”

आधी सून हसली की सासू, देव जाणे. पण नात शाळेतून आली तेव्हा दोघी जमिनीवर बसून डोळे पुसत होत्या आणि मधे टोस्टचा चुरा पडला होता.

मशीन बसवणाऱ्याकडे सून स्वतः सासूला घेऊन गेली, आणि तावातावानं गेली. “तपासताना यांना जेवायला दिलं होतंत?” तो गोंधळला. “आम्ही फक्त बोलणं ऐकू येतं का ते बघतो.” पण माणूस बरा होता. कान गच्च बंद झाला की स्वतःचं चावणं आतल्या आत घुमतं, असं त्यानं समजावलं. भोकं असलेलं दुसरं बोंड बसवलं, मशीनमधले घुमणारे जाड आवाज कमी केले. सगळा दणदणाट गेला नाही, पण दगडफोडीच्या जागी शेजारच्या खोलीतली पावलं आली. पावलांचा त्रास कुणाला होतो?

त्या रात्री मोळेवालीनं अर्धा टोस्ट खाल्ला आणि मुलाच्या टेम्पोची रडकथाही शेवटपर्यंत ऐकली. वर भात मागितला. मुलाचा जीव भांड्यात पडला. नळीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आणि साहेबाला तिनं सगळं खरं सांगितलं. “मशीन चांगलं आहे. पण बाकीच्यांना देताना हे भोकांचं बोंड द्यायचं. नाहीतर मी परत पायरीवर.” साहेबानं पायरीकडे बघितलं आणि बाकीच्यांचे अर्ज सहीसाठी पुढे ओढले.

तुमच्या घरी कुणाला कानाचं मशीन घ्यायचं असेल, तर एक करा. बसवायला जाताना पिशवीत काहीतरी कुरकुरीत खायचं न्या, आणि मशीनवाल्यासमोर त्यांना ते पोटभर खाऊ घातल्याशिवाय त्या दुकानातून उठू नका.