पहिले तुमी बसा

दानात आलेली वस्तू कुठलीही असो, अक्का आधी तिचा वास घ्यायची. तांदळाचं पोतं असलं तर त्यात कोपरापर्यंत हात घालून अगदी तळातले दाणे वर काढायची आणि नाकाशी धरायची. गादी असली तर वाकून तिच्या शिवणीत नाक खुपसायची. देणारा समोर हात जोडून उभा, त्याच्यासोबतचा कोणीतरी मोबाइल धरून फोटोच्या तयारीत, आणि ही साठी उलटलेली जाडजूड बाई त्यांच्या दानाला हुंगतेय. मग मान वर करून म्हणायची, "वास येऊन राहिला." आणि त्यापुढे ठरलेले दोन शब्द, "पहिले तुमी."

म्हणजे जे आणलंय ते आधी देणाऱ्यानं वापरून दाखवायचं. शिळी भाजी आणली तर तिथेच पाटावर बसून चार घास खायचे. घोंगडी आणली तर अंगावर घ्यायची. हा तिचा नियम होता, आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही.

नागपूरला लागून असलेल्या वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे, पत्र्याच्या एका रिकाम्या गोदामात तिनं निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला होता. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात आया होती. निवृत्त झाल्यावर सगळं पेन्शन त्यात घातलं. मी आश्रमाची व्हॅन चालवायचो. देणगीदार तिला ताई म्हणायचे, म्हातारे मॅडम म्हणायचे. अक्का म्हणणारा मी एकटा.

मी जतकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटली. बेदाण्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून नागपूरला आलो आणि इथं काविळीनं आडवा झालो. ड्रायव्हरला माल घेऊन पुढं जायचं होतं, तो मला गोदामाच्या ओट्यावर ठेवून गेला. अक्कानं मला तिथून उचललं. माझाही तिनं आधी वासच घेतला. म्हणाली, "याले जेवण नाही, ताक पाह्यजे." ताकाची वाटी आणली, स्वतः एक घोट प्यायली, मग माझ्या तोंडाला लावली. आश्रमात शिजलेलं प्रत्येक अन्न ती असंच आधी स्वतः चाखायची. तिथं नियम उलटा, "पहिले मी."

शुद्धीवर आल्यावर मी तिला अक्का म्हणालो, तेव्हा खवळली होती. "अक्का काय गा? मी का तुह्या गावची आहो?" माझ्या बोलण्याची ती फार टर उडवायची. जत आणि पुणे तिला एकच. "ए पुनेकर," अशी हाक मारायची. मी किती वेळा सांगितलं की पुणं मी फक्त ट्रकच्या काचेतून पाहिलंय. पण नाही.

आता ती देवी होती वगैरे असं मी म्हणणार नाही. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा तिच्या गालात सदा भरलेला असायचा. बोलताना शिंतोडे उडायचे, लुगड्याला तंबाखूचा वास यायचा. म्हाताऱ्यांना अंघोळ घालताना शिव्या द्यायची. पण एकाच्याही अंगाला कुबट वास येऊ द्यायची नाही. म्हणायची, "माणसाले वास सुटला नं पुनेकर, की लोक त्याच्याजवळ बसत नाही. मंग तो मेल्यातच जमा."

आणि लोक काय काय आणून द्यायचे! तुम्हीही असं पाहिलं असेल, कदाचित आपल्याच घरातून असं काही बाहेर पडलेलं असेल. कपड्यांच्या गाठोड्यातून वापरलेल्या, पिवळ्या पडलेल्या चड्ड्या निघायच्या. औषधांच्या अर्ध्या पाकिटांची मुदत केव्हाच संपलेली. लग्नातलं उरलेलं पनीर, ज्याला तार सुटलेली. एकदा एक कवळी आली, दुसऱ्याच्या तोंडातली! मी गाठोडं सोडायचो आणि माझ्या घशाशी यायचं. घाणीचं मला काही वाटत नाही, म्हाताऱ्यांचं सगळं मी या हातांनी काढलंय. पण घाण देताना हसणारी माणसं पाहिली की शिसारी यायची.

एक बाई वाढदिवसाच्या दिवशी आंबलेली खीर घेऊन आल्या. अक्कानं वाटी भरून त्यांच्याच हातात दिली. "पहिले तुमी, वं बाई."

"माझा उपास आहे," त्या म्हणाल्या.

"वाढदिवसाले उपास? बरं, मंग खीर उद्या आणा. ताजी करून."

त्या पुन्हा आल्या नाहीत. अशा किती गेल्या. अक्काला त्याची खंत नव्हती, पण मला धडकी भरायची. देणारे असे तुटत गेले तर आश्रम चालायचा कसा, आणि आश्रम बंद पडला तर मी जाऊ कुठं?

मग आमची व्हॅन बसली. इंजिनच गेलं, मेकॅनिकनं हात झटकले. आमच्यात एक आजोबा होते, पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, दोन्ही किडन्या गेलेल्या. त्यांना हप्त्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला दवाखान्यात न्यावं लागे. ऑटोत ते गचके खात बसायचे. येताना तर मान टाकलेली असायची, रस्ताभर तोंडात रुमाल कोंबून धरायचे. आणि मी, गाडी नसलेला ड्रायव्हर, अंगण झाडत दिवस काढत होतो. अक्का काही बोलली नव्हती. पण बिनकामाच्या माणसाला आश्रम किती दिवस पोसेल, हे कळायला शाळा लागत नाही.

अशात नागपुरातल्या महाल भागातले एक शेठ आले. कापडाचं मोठं दुकान. गाडी दान द्यायची म्हणाले, आणि दोन दिवसांनी ती घेऊनच आले. पांढरी, मोठी, चकचकीत. नाकावर झेंडूचा हार. मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत शेठच्या वडिलांचं नाव आणि पुढे "यांच्या स्मरणार्थ". पोस्टमन आजोबांनी खिडकीतून पाहिलं आणि मला हाक मारून धुतलेला सदरा मागितला. मी तर मनात चाव्या फिरवूनही बसलो होतो.

"बाबांच्या नावानं देऊन राहिलो, ताई," शेठ म्हणाले. "बाबांचा लय जीव होता या गाडीवर."

"बापा! चांगलंच झालं," अक्का म्हणाली.

"फक्त एक लहानसं कागदाचं काम आहे."

काम असं होतं. नुसती गाडी दान दिली तर शेठना आयकरात सूट मिळत नाही, चेकनं पैसे दान दिले तरच मिळते. म्हणून शेठ आश्रमाला चेक देणार. आश्रमानं त्याच पैशातून त्यांची गाडी विकत घ्यायची, की पैसे परत त्यांच्याच खात्यात. आश्रमानं पावती द्यायची ती पैशाच्या दानाची. आणि गाडीची किंमत तेच ठरवणार. जी सांगितली, ती शोरूममधल्या नव्या गाडीची वाटावी अशी.

अक्कानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "म्हंजे पैसे तुमचे तुमालेच. गाडी आमाले. अन् वरतून सूट बी तुमाले."

"सगळेच करतात, ताई. तुमचं काय जाते त्यात?"

"पावतीचं मंग पाहू." ती उठली, गाडीचं मागचं दार उघडून आत डोकं घातलं. बराच वेळ आतच होती. पुढच्या आरशाला अत्तराच्या तीन-तीन डब्या टांगलेल्या होत्या. मला तो वास नव्या गाडीसारखा वाटला होता. अक्कानं तिन्ही डब्या काढल्या, शेठच्या शर्टाच्या खिशात घातल्या. "हे ठेवा, तुमचं आहे. पहिले तुमी बसा."

"मी कशाला? मी तं बसतोच नं रोज."

"आज आमच्या आजोबांच्या जागेवर बसा. मांगं. दवाखान्यापर्यंत जाऊन येऊ. पुनेकर, काचा बंद अन् एसी चालू."

मे महिना होता. एसी लावला आणि आतून तो वास आला. भिजून सडलेल्या गादीचा, मेलेल्या उंदराचा, तुंबलेल्या मोरीचा. सगळे एकत्र. तोंडानं श्वास घेतला तर जिभेवर बसायचा. अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागलेली, गाडी इंचाइंचानं सरकत होती. आरशात मला शेठच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"नाल्याचं पाणी शिरलं होतं का गा, शेठ?" अक्कानं शांतपणे विचारलं.

"थोडंसं. टायरपर्यंत."

"टायरपर्यंतच्या पाण्याचा वास छताले कसा लागला?"

शेठनी नाकाला रुमाल लावला. थोड्या वेळानं म्हणाले, "काच खाली घे गा जरा." मी बटण दाबलं. आत मोटर नुसती गुरगुरली. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. चारही काचा जागच्या हलेनात. पाण्यानं त्यांचाही जीव गेला होता.

"उघड नं बे!" शेठ ओरडले.

"उघडत नाही, शेठ."

नाक्यावर त्यांनी दार ढकललं आणि रस्त्यावर वाकून भडाभडा ओकले. मला हसू फुटणार होतं, पण मागं पाहिलं तर अक्कानं एका हातानं त्यांचं कपाळ धरलं होतं आणि दुसऱ्यानं ती पाठ चोळत होती. दवाखान्यात हजारोंची चोळली असेल तशी. "होऊ द्या, होऊ द्या," म्हणत होती. पदरानं त्यांचं तोंड पुसलं, बाटलीतलं पाणी दिलं. आणि ते जरा टेकल्यावर म्हणाली, "तुमाले दार तरी उघडता आलं. आमचे आजोबा अर्धमेले होऊन येतात दवाखान्यातून. थे कसं उघडतीन?"

"दान देणाराची हे इज्जत करता तुमी?" शेठ चिडून म्हणाले.

"इज्जत करतो म्हणूनच बसवलं गा. नाही तं गपचूप ठेवून घेतली असती, अन् खोटी पावती फाडून मोकळी झाली असती."

आम्हाला आश्रमाशी सोडून ते हारासकट गाडी घेऊन गेले. आजोबांनी धुतलेला सदरा काढून पुन्हा घडी करून ठेवला.

खरं सांगू? त्या दिवशी मला शेठइतकाच अक्काचाही राग आला. वास धुता आला असता. काचा दुरुस्त करता आल्या असत्या. पावतीचं काय, सगळे देतात. मी माझी पिशवी भरायला घेतली. अक्का दारात येऊन उभी राहिली.

"काहून गा, कुठं निघाला?"

"गाडीच नाही तर मी इथं काय करू, अक्का?"

"आजोबाले ऑटोत धरून बसाले माणूस लागते का नाही? मी का रोज जाऊ? गुडघे पाह्यले माह्ये?" मग म्हणाली, "घरून ज्याले काढून टाकलं नं, त्याले सगळ्यांची काढून टाकलेली वस्तूच काहून द्यावं? मले ओकारी येते गा या लोकांची."

मी पिशवी रिकामी केली. त्यानंतर आजोबांना मांडीवर घेतल्यासारखं धरून मी ऑटोतून जात-येत राहिलो. काही महिन्यांनी ती पांढरी गाडी मला अमरावती रोडवर दिसली. आता बाजूच्या दारावरही शेठच्या वडिलांचं नाव आणि खाली हिंगण्याकडच्या एका आश्रमाचं. शेवटी ती तिथं खपली होती, शेठना त्यांची पावती मिळाली होती. मी रस्त्याच्या कडेला थुंकलो. अक्काला सांगितलं नाही.

अक्का पडली ती स्वयंपाकघरात, भर दुपारी, वरण चाखता चाखता. अंग घामानं थबथबलं, हात छातीवर. रुग्णवाहिका लांब अडकली होती, ऑटोवाला ट्रकांच्या गर्दीतून आत यायला धजेना. मी सापडेल त्याला फोन केले. हिंगण्याच्या आश्रमानं मात्र लगेच गाडी पाठवली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि दारावरचं सोनेरी नाव मला दिसलं. तीच.

मागच्या सीटवर अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. डोळे मिटलेले होते. ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली आणि तिच्या नाकपुड्या हलल्या.

"वास येऊन राहिला गा."

"हो, अक्का."

"थेच होय नं?"

"हो."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, तिथून खर्ऱ्याचा लाल ओघळ हनुवटीवर उतरला. तो मी शर्टाच्या बाहीनं पुसला. "काच," ती म्हणाली. मी बटण दाबलं. आत मोटर गुरगुरली.

"नाही खुलत भाऊ थे," ड्रायव्हर पुढून म्हणाला. "कवाच नाही खुलली."

मग मी दारच उघडलं. हातभर फट ठेवली आणि कडी मुठीत गच्च धरली. ट्रकवाले हॉर्न मारत होते, शिव्या देत होते, धूर आणि धूळ आत येत होती. अक्कानं तोंड त्या फटीकडे वळवलं आणि तो धूर असा ओढून घेतला, जणू कुणी ताजं काही हातात दिलंय. गाडी पळू लागली तसं वाऱ्यानं दार ओढायला लागलं. मी सोडलं नाही. माझ्या मुठीपलीकडे, बाहेरच्या बाजूला, शेठच्या वडिलांचं सोनेरी नाव सगळ्या नागपूरला दिसत चाललं होतं.

दवाखान्याच्या फाटकात स्ट्रेचर घेऊन माणसं धावत आली. एकानं अक्काच्या मानेला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं.

"दार सोडा भाऊ आता," तो म्हणाला.

मला ऐकू येत होतं. पण बोटं उघडत नव्हती.