देवीच्या नावाने मी बोलले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवळात एकटी असतानाही ओठांवर येऊ दिलं नाही — तिथे तर मुळीच नाही.

शालू आमच्या शेजारची. आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत दोघी एकत्र वाढलो, एकत्र पाणी भरलं, माडाची झापं विणली. मैत्रीण म्हणू? दुसरा शब्द तेव्हा ठाऊक नव्हता. पण ती दिसली नाही की मला घास उतरत नसे, आणि तिचा हात हातात आला की — असो. तिलाही तसंच व्हायचं. तेवढं दोघींना कळत होतं.

छप्पन-सत्तावन साल असेल. शालू विशीची झाली आणि आलेलं प्रत्येक स्थळ मोडू लागली. "माका लगीन नको गो. आपण दोघी ऱ्हवया," म्हणायची. मी हो म्हणायचे. पण माझी वहिनी आमच्यावर नजर ठेवू लागली होती. एकदा चुलीपाशी तिने विचारलंच, "तुमचा दोघींचा काय चललाहा?" मी फुंकणी उचलून चूल फुंकत बसले.

देवळात सप्ताह होता. शेवटच्या दिवशी शालूच्या आईने तिला दंडाला धरून देवीपुढे आणलं आणि सगळ्या बायकांसमोर गाऱ्हाणं घातलं — पोरगी लग्नाला का उभी राहत नाही, हिच्या मनात कोण आहे, ते सांग. वहिनीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी घुमू लागले.

अंगात काही आलं नव्हतं. भीती आली होती, बस्स. केस मोकळे सोडले, हुंकार दिला आणि बोलले, "हिका भायरची बाधा आसा. वर्षाच्या आत हिका उजवा." का बोलले? निदान गप्प राहता आलं नसतं? तिच्या आईने शालूचं डोकं माझ्या पायांवर टेकवलं. उठताना शालूने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

वेंगुर्ल्याच्या एका बिजवराला तिला दिली. आणि मी? देवी अंगात येते त्या मुलीला मागणी कोण घालणार? मी बिनलग्नाची राहिले. तिने मागितलेलं मला मिळालं. दर मंगळवारी बायका माझ्याकडे गाऱ्हाणी घेऊन येऊ लागल्या.

एकदा त्यांच्यात शालू होती. वाळून गेलेली. तिची वेळ आली तशी पाया पडली. मला नावाने हाक मारली नाही. "आये, माका सासरी गमना नाय. काय करू, सांग."

देवीला विचारत होती, की मला? अजून ठरवता येत नाही. सगळ्या बघत होत्या. मी तिच्या कपाळाला अंगारा लावला. "गमतला," म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात निरोप आला — शालू सासरच्या विहिरीत सापडली. त्या मंगळवारीही बायका आल्या. मी घुमले.