काळी एकमधल्या निर्मलाबाई

निर्मलाबाईंचा आणि माझा पहिला परिचय मी त्यांच्यावर केलेल्या विनोदातून झाला. छावणीतल्या एका सभागृहात त्यांचं गाणं होतं. मी तेवीस वर्षांचा आणि एका स्थानिक दैनिकाचा संगीत समीक्षक होतो, म्हणजे पुढच्या रांगेत फुकट खुर्ची मिळालेला माणूस. बाई काळी एकमध्ये गायल्या. पेटीवरची ही पट्टी आपल्याकडे पुरुषांची समजतात. बाईनं काळी चारच्या खाली उतरणं म्हणजे चारचौघांत पदर ढळल्यासारखं. मी लिहिलं, "डोळे मिटले तर बुवा गात होते, उघडले तर बाई बसल्या होत्या. खर्ज असा लागला, की माझ्या पेल्यातलं पाणी हललं." शहर आठवडाभर हसलं. भाजी घेताना मागून 'ओ बुवा' अशा हाका बाईंनी ऐकल्या.

मायक्रोफोन नव्हता तेव्हा बायकाही भरल्या गळ्यानं, शेवटच्या माणसाला पोचेल असं गात, हे पुढं बाईंनीच मला शिकवलं. मग पातळ, गोड आवाज यंत्रांतून घराघरांत शिरला आणि तोच बाईचा आवाज ठरला. हे कुणी ठरवलं म्हणून विचाराल, तर त्याच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मी होतो.

त्यानंतर संयोजक बाईंना 'जरा गोड' गायला सांगू लागले. बाईंनी दोन वर्षं गळा ताणून काळी चार गाठली. स्वरतंतूंवर गाठी आल्या. उपचारांनी गाठी गेल्या. काळी एकचा तो आवाज परतला नाही. मैफली संपल्या, बाईंनी वर्ग काढला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पुढचे विनोद करण्यात गुंतलो होतो.

म्हणूनच बऱ्याच वर्षांनी लेकीला गाणं शिकायला घेऊन मी त्यांच्याकडं उजळ माथ्यानं जाऊ शकलो. नाव ऐकून बाईंनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि आत चहा सांगितला. लेकीला त्यांनी 'सा' लावायला सांगितला नाही. फुलंब्रीला त्यांच्या शेतात या बांधावरून त्या बांधावर हाक मारतात, तशी बापाला नावानं हाक मार म्हणाल्या. लेकीनं ती संधी सोडली नाही. ज्या स्वरात हाक आली, त्याच स्वरात बाईंनी तंबोरा मिळवला. त्यांच्या प्रत्येक शिष्येची पट्टी अशीच ठरलेली आहे.

पुढं एका स्पर्धेत 'मुलींची पट्टी' म्हणून तंबोऱ्याचं यंत्र आधीच काळी चारला लावून ठेवलेलं होतं. बाई उठल्या, यंत्र बंद केलं आणि परीक्षकांना म्हणाल्या, "पोरगी यंत्राला नाय मिळवायची. यंत्र पोरीला मिळवायचं." लेकीला बक्षीस मिळालं नाही. आवाज राहिला.

आता बाईंना पंचाहत्तर पूर्ण होताहेत आणि गौरव समितीनं मला गौरवग्रंथासाठी त्यांच्या 'मधुर स्वरा'वर लिहायला सांगितलं आहे. समितीतले निम्मे सन्माननीय सदस्य माझ्या विनोदावर पोट धरून हसले होते; स्मरणशक्ती मात्र माझी एकट्याचीच शाबूत दिसते. गाठींची हकीकत मला लेकीकडून कळली होती. माफी मागायला मी पडेगावला त्यांच्या घरी गेलो. बाईंनी माफी ऐकून घेतली, मग कपाटातून माझ्या त्या समीक्षेचं पिवळं पडलेलं कात्रण काढून पुढं ठेवलं.

"हे छापा पुस्तकात."

मी म्हटलं, "बाई, लाज वाटते."

"वाटू द्या की. लई दिवस लावले तिनं." कात्रणावरून बोट फिरवत म्हणाल्या, "माझं तेव्हाचं रेकॉर्डिंग एक बी नाय. माझ्या खर्जानं पाणी हललं, हे लिहून ठेवणारे तुम्ही एकटेच."

हे कात्रण प्रसंगाला शोभणारं नाही, असं समितीचं मत पडलं. माझंही तेच मत आहे. तरी ते या लेखाशेजारी छापावं, नाहीतर लेख परत करावा, असं मी कळवलं आहे.

निर्मलाबाई शंभरी पार करोत, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांच्या वर्गातल्या मुली आपापल्या पट्टीत गात राहोत. त्यांच्या आवाजाची या शहरात एकच नोंद आहे आणि ती टिंगल म्हणून लिहिलेली आहे. तिच्यात आज एवढीच भर घालतो: पाणी खरंच हललं होतं.