बर्फासाठी बेतलेली विजार

विजयमालाबाई जगदाळे यांनी बर्फ पाहिला होता तो सरबताच्या पेल्यात. बर्फाच्या डोंगरावरून घसरत जाणाऱ्या माणसाचे कपडे शिवायचे काम तरीही त्यांच्याकडे आले. कारण साधे होते. ते कपडे एका मुलीचे होते, आणि त्यात एक विजार होती.

गोष्ट सन १९३४ ची. बडोद्यात बायकांचा एक शिवणवर्ग चालत असे. तिथे कामाची वाटणी ठरलेली होती: कापड बेतायचे मास्तरांनी, शिवायचे बायकांनी. मास्तर म्हणजे दिनकरराव. त्यांची उमेदीची वर्षे लष्कराचे गणवेश बेतण्यात गेली होती. वर्गातल्या बायकांना ते कापलेले तुकडे गठ्ठ्याने देत आणि शिवून आलेला कपडा उलटा करून टाके तपासत. त्यांच्या बेतण्याच्या मेजाला कोणी हात लावायचा नाही, असा नियम लिहिलेला कुठेच नव्हता, पण पाळत सगळ्या होत्या.

विजयमालाबाई या वर्गात सहा वर्षे होत्या. माहेर बडोद्याजवळच्या पादरा गावचे. नवरा पिलाजीराव संस्थानच्या घोडदळात स्वार होता. एका पावसाळ्यात तापाचे निमित्त होऊन तो गेला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. घरात उरले त्या आणि सासरे सुभानराव, तेही जुने स्वार. मराठ्यांची सून शिवणवर्गाला जाते म्हणून भाऊबंदांनी नाके मुरडली, तेव्हा सुभानराव एवढेच म्हणाले होते, “जा तू. कोणी काही बोललं तर त्याला माझ्याकडे पाठव.” कोणी आले नाही.

शिवणात त्यांचा हात बसला, पण मन भरेना. तयार तुकडे जोडताना त्यांना सारखे वाटे, हा तुकडा असाच का कापला? खांद्याला एवढाच उतार का? घरी त्या रद्दी कागदावर मापे आखून कापत आणि सुभानरावांच्या अंगाला लावून बघत. म्हाताऱ्याने कागदाचे तीन सदरे घालून पाहिले होते. वर्गाच्या मुख्य प्रतिमाबाई यांना विजयमालाबाईंनी दोनदा विचारले, मला बेतायला द्या. दोन्ही वेळा उत्तर आले, “मास्तर आहेत ना!”

तिसरी वेळ नीरा प्रधानमुळे आली.

नीरा बावीस वर्षांची, गुणवंतराव प्रधान या निवृत्त अंमलदारांची मुलगी. व्यायामशिक्षिका होण्यासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली होती आणि जानेवारीत स्वित्झर्लंडला पोचायचे होते. अभ्यासाची सुरुवातच डोंगरातल्या महिनाभराच्या छावणीने होणार होती: पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरायचे, म्हणजे स्कीइंग. फळ्या आणि काठ्या तिथे मिळतील, कपडे आणि बूट मात्र तयार घेऊन या, असे कळवले होते. पोचल्यावर शिवायला वेळ नव्हता. गुणवंतरावांनी मुंबईहून गॅबर्डिनचा, म्हणजे घट्ट विणीच्या गुळगुळीत कापडाचा, एक तुकडा आणला. त्यात एकच जोड बसत होता, वर वीतभरही नाही.

दिनकररावांनी कपड्यांच्या यादीचा कागद वाचला आणि चष्मा काढला. “विजार? मुलीची? प्रतिमाबाई, मी माप घेणार नाही.”

“मग विजयमालाबाई घेतील. बेता तुम्ही.”

विजयमालाबाई टाका घालता घालता म्हणाल्या, “माप मी घेतलं तर बेतेनही मीच.”

वर्गातली यंत्रे थांबली. प्रतिमाबाईंनी यादीचा कागद मास्तरांच्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, “ठीक. आधी साध्या सुती मांजरपाटावर बेतून दाखवा. मास्तरही एक बेततील. जे अंगाला बरोबर बसेल त्यावरून गॅबर्डिनला कात्री लागेल. तुमचं बसलं, तर पुढे बायकांचे कपडे बेतायचं मेज तुमचं. नाही बसलं, तर हा विषय माझ्याकडे पुन्हा आणायचा नाही.”

“कबूल,” विजयमालाबाई म्हणाल्या.

आता थंडी म्हटली की आमच्याकडे काय आठवते? रुई. कार्तिक लागला की पिंजारी गल्लीत येतो, कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज सुरू होतो आणि घरोघरच्या दुलया फुगतात. विजयमालाबाईंनी तेच केले. मांजरपाटाच्या दोन पदरांत रुई भरली, चौकटी टाके घातले, आणि लांब बाह्यांची बंडी व विजार तयार केली. मापे नीराला ताठ उभे करून घेतली होती, जशी दिनकरराव शिपायाची घेत, आणि तीच मास्तरांनाही उतरवून दिली होती.

नीराने ते घातले आणि आरशात पाहून हसू आवरेना. “वहिनी, मी बैठकीतला लोड दिसतेय.”

“दिसण्याचं सोडा. ऊब आहे ना?”

“इथे ऊब आहेच! तिथल्या थंडीत काय होईल, ते कसं कळणार?”

सुभानराव ओसरीवर बसून ऐकत होते. “बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसा,” ते म्हणाले. त्यांनी गंमत केली होती. सूनबाईंनी ती खरी धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे सयाजीगंजाच्या बाजूला असलेल्या बर्फाच्या कारखान्यात गेली. सुभानरावांनी खांद्यावर आपली जुनी घोंगडी टाकली होती. कारखान्याचे शेठ लगबगीने पुढे आले. “आवो, आवो! बरफ लेवा आव्या, बेन?”

“घ्यायला नाही, शेठ,” सुभानराव म्हणाले. “बसायला.”

शेठना ते समजवायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी लाद्या साठवायच्या खोलीचे दार उघडून दिले आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून तमाशा बघत बसले.

विजयमालाबाईंचा विचार असा होता: डोंगरावर मुलगी नुसती उभी राहणार नाही, ती कष्ट करणार, घामेजणार, आणि मग थांबणार. म्हणून आधी नीराने आवारातल्या शेडमागे बैठका मारायच्या आणि लगेच आत जाऊन बसायचे. नीरा तालमीत तयार झालेली मुलगी. तिने पदर खोचावा तशी बंडी सारखी केली आणि सुरू झाली. तिसऱ्याच बैठकीला थांबली.

“वहिनी, काहीतरी गेलं.”

“काय गेलं?”

“मागून गेलं.”

शिवण कमरेपासून खाली वीतभर उसवली होती. विजयमालाबाईंनी आपली शाल तिच्या कमरेला गुंडाळली. “मारा बैठका. ते नंतर बघू.”

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटे नीरा मजेत होती. दहाव्या मिनिटाला तिचे दात वाजू लागले. विजयमालाबाईंनी बंडीच्या आत हात घातला. घामाने भिजलेली रुई गार पडून गोळा झाली होती, ओल्या पोतेऱ्यासारखी अंगाला चिकटत होती. शेजारी सुभानराव घोंगडी पांघरून स्वस्थ बसले होते.

“आबासाहेब, तुम्हांला थंडी नाही वाजत?”

“मला घाम कुठे आलाय? पण आला असता तरी चाललं असतं. कूच असताना पावसात भिजायचो आम्ही. रुईची बंडी भिजली की काढून टाकायची. घोंगडी भिजली तरी पांघरून झोपायचो.”

“हे काल का नाही सांगितलंत?”

“काल तू मला विचारलंस कुठे? तू कापत होतीस.”

विजयमालाबाईंनी त्यांच्या घोंगडीचे टोक ओढून घेतले. त्यांनी बादलीत पाणी मागवले. रुईच्या बंडीची बाही आणि घोंगडीचे टोक, दोन्ही भिजवून पिळले, एकेका हातावर गुंडाळले आणि लादीजवळ बसल्या. थोड्या वेळाने रुईचा हात बधिर झाला. दुसरा ओला होता, पण गार नव्हता. मग त्यांनी लादी खरवडून कीस काढला आणि घोंगडीवर टाकला. कीस लोकरीच्या केसांत अडकला, झटकून निघेना, आणि वितळून आत मुरू लागला. गॅबर्डिनच्या किनारीची एक चिंधी त्यांनी बरोबर आणली होती. तिच्यावरून कीस सरळ घसरून खाली पडला.

त्या मोठ्याने म्हणाल्या, “अंगाला लोकर. वर गुळगुळीत. रुई कुठेच नाही.”

“बेन, चा पियो,” शेठ दारातून म्हणाले. त्यांनाही आता गोडी लागली होती.

त्यानंतर कामाला वेग आला. अंगाला लागून विणलेल्या लोकरीचा पातळ सदरा, त्यावर नीराच्या आईने विणलेला स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा अडवणारे गॅबर्डिन, पण सैल. घट्ट केले तर मधली हवा जाते आणि ऊबही जाते, हे विजयमालाबाईंनी हातावर लोकर कधी आवळून, कधी सैल गुंडाळून ताडले होते. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ बरे. चढताना एक काढता येतो, थांबल्यावर घालता येतो. हातमोज्यांत चारही बोटे त्यांनी एका घरात ठेवली आणि अंगठा तेवढा वेगळा केला. मोच्याकडे नीराने पायाला चापून बसणारे सुंदर बूट पसंत केले, तेव्हा त्यांनी दोन जोड लोकरी मोजे पुढे केले. “हे घालून बघा. बोटं हलतात का? नाही ना? मग हे बूट लग्नात घाला.”

राहिली विजार. ती का फाटली हे कळत नव्हते. माप चुकले नव्हते, तीनदा ताडून पाहिले. टाकेही पक्के घातले होते. दोन दिवस त्या कागदावर रेघा ओढत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात सडा घालत होत्या. वाकल्या, बादली उचलली, उकिडव्या बसून कोपरा सारवला, उठल्या. आणि बादली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अंगावर नऊवारी होती. कासोटा घातलेला. त्यांनी पुन्हा उकिडवे बसून पाहिले. कुठेही ओढ नाही. आयुष्यभर याच लुगड्यात वाकल्या, धावल्या, एकदा घोड्यावरही बसल्या होत्या, आणि कधी काही फाटले नव्हते.

घरात जाऊन त्यांनी कासोट्याच्या कापडावर खडूने खुणा केल्या, लुगडे सोडून जमिनीवर पसरले आणि दोन पायांच्या मधे किती कापड जाते, मागे किती जाते, ते मोजले. ताठ उभ्या माणसाला ते कापड नको असते, वाकलेल्याला हवे असते. शिपाई सलामीला ताठ उभा राहतो, म्हणून दिनकररावांचे माप त्याला चालते. नीरा गुडघे मोडून डोंगर उतरणार होती.

त्यांनी नीराला बोलावले, अर्ध्या बैठकीत उभे केले आणि नव्याने मापे घेतली. मागचा भाग पुढच्यापेक्षा चार बोटे लांब आला. पायांच्या मधे त्यांनी एक चौकोनी तुकडा घातला, जसा अंगरख्याच्या बगलेत हात वर करता यावा म्हणून चौबगला घालतात तसा.

ठरल्या दिवशी वर्गात दोन मांजरपाटी विजारी आल्या. नीरा पडद्याआड गेली, बरोबर प्रतिमाबाई. दिनकरराव पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. बघायची सोय नव्हती, म्हणून ते कान देऊन होते.

आधी त्यांची विजार. “एक,” नीराचा आवाज आला. “दोन. तीन. चा—” आणि टर्रकन आवाज झाला.

कोणीतरी फिस्सकन हसले. दिनकररावांनी मान वळवली तशी शांतता झाली.

मग दुसरी. नीरा मोजत होती. दहा. वीस. विजयमालाबाईंनी मेजाची कड धरून ठेवली होती. तीसनंतर नीराला धाप लागली आणि मोजणे थांबले.

“थांबली का ती?” दिनकररावांनी विचारले.

“नाही,” पडद्याआडून प्रतिमाबाई म्हणाल्या. “करतेय.”

“आवाज येत नाही.”

“आवाज तुमच्या विजारीचा होता, मास्तर.”

चाळीसला नीरा बाहेर आली, घामाघूम, विजारीवरून साडी गुंडाळलेली. “वहिनी, वाघ मागे लागला तरी पळेन!”

दिनकरराव विजयमालाबाईंच्या कागदी नमुन्याजवळ गेले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. चौकोनावर बोट ठेवले. “हे?”

“चौबगला. बगलेतला खाली आणला.”

“हं.” त्यांनी कागद उचलून गॅबर्डिनवर ठेवला, थोडा फिरवला, पुन्हा फिरवला. “उभा धागा पायाच्या लांबीत ठेवा. आडवा गेला तर गुडघ्याला फुगा येईल.” मग ते मेजापासून दोन पावले मागे सरकले आणि त्यांनी कात्री मुठीच्या बाजूने पुढे केली.

विजयमालाबाईंनी ती घेतली आणि कापड कापायला सुरुवात केली. बेताचेच कापड होते. संपले तेव्हा मेजावर मूठभर चिंध्या उरल्या होत्या.

नीराचे पत्र फेब्रुवारीत आले. ते वर्गात वाचले गेले तोवर बायकांच्या कपड्यांचे मेज खिडकीजवळ मांडून झाले होते आणि चार जणी विजयमालाबाईंकडून बेतणे शिकत होत्या. नीराने लिहिले होते की ती दिवसातून वीसदा पडते आणि विजार शाबूत आहे. बरोबरच्या मुली पायांच्या मधला चौकोन कौतुकाने बघून गेल्या. पुढे लिहिले होते, “पण वहिनी, पडले की बाहीतून बर्फ थेट कोपरापर्यंत जातो.”

दिनकरराव आपल्या मेजावरून म्हणाले, “मनगट चुकलं म्हणायचं.”

“चुकलं,” विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर बाहीची आकृती काढली. “बाहीला आतून विणलेल्या लोकरीची पट्टी हवी, मनगटाला धरून बसणारी. वर गॅबर्डिन तसंच. मास्तर, पट्टी किती रुंद घ्यावी?”

“चार बोटं,” दिनकरराव म्हणाले, आणि मग फळ्यावरची आकृती पुन्हा बघून, “पाच घ्या.”

विजयमालाबाईंनी पाच लिहिले.