आखाड्यावरचं स्पेलिंग

वहिनींनी परात उचलली आणि तिच्यातला रवा माझ्या पदरात ओतला.

"घेऊन जा. आता आमच्या कामाचा नाही हा."

चार पोरं बघत होती. त्यांची दोन, माझी दोन. माझा सम्यक मान खाली घालून बसलेला. त्याच्या बोटाला रवा चिकटला होता. त्यानं नुकतंच त्या रव्यात एक इंग्रजी अक्षर काढलं होतं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "लय उपकार झाले जी."

"जी जी!" वहिनींची ओवी हसली. "मावशी, तुमच्याकडं सगळे असंच बोलतात का?"

मीही हसले. खोलीवर जाऊन गूळ घालून शिरा केला. पोरांनी ताट चाटून साफ केलं. अपमान झाला हे मला कळलंच नाही. मला वाटलं, दिलं. मोठ्या मनानं दिलं.

मी चंद्रपूरकडची. धानाच्या मुलखातली. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, मग कामामागं फिरत फिरत इकडं परभणी जिल्ह्यात. नवरा बोरीजवळ एका आखाड्यावर सालगडी. आखाडा म्हणजे शेतातलं घर, गोठा, बोअर, सगळं एका जागी. इकडं गड्याचं साल पाडव्याला ठरतं. पाडवा ते पाडवा गडी मालकाचा. मालक 'राहा' म्हणाला तर राहायचं, नाही म्हणाला तर भांडीकुंडी बांधायची. आमची खोली गोठ्याला लागून. साल आहे तोवर खोली. त्यामुळं मी सगळ्यांना उपकार उपकार म्हणत जगायचे. भीतीचीच सवय ती. तोंडातून मात्र उपकार निघायचे.

सम्यक दहा वर्षांचा, प्रज्ञा आठची. प्रज्ञाला एकदा दाखवलं की येतं. सम्यकचं आज आलेलं उद्या जातं. इंग्रजीतला बी आणि डी त्याला एकच दिसतात. गावातल्या शाळेत त्याला फळ्यापुढं उभं करायचे, पोरं खिदळायची. एक दिवस तो शाळेतून पळाला आणि दिवस मावळेपर्यंत ज्वारीत लपून बसला. आम्ही हाका मारत फिरलो. ऐकू येत होतं त्याला. तरी ओ दिली नाही. त्यानंतर शाळेचं नाव काढलं की त्याला उलटी व्हायची.

वहिनी म्हणजे मालकीण. पुण्यात राहून आलेल्या. आपली पोरं त्या घरीच शिकवायच्या. "इथल्या शाळेत कसली कसली पोरं असतात," म्हणायच्या. मी भांडी घासता घासता मान हलवायचे. कसली कसली म्हणजे आमची, हे डोक्यात आलं नाही. आलं असेल तर मी त्याला बसू दिलं नाही.

मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "तुझीही दोघं बसू देत. ओवीला सोबत होईल."

मी त्यांच्या पाया पडले. खरोखर पडले.

पडवीत वर्ग भरायचा. त्यांची पोरं खुर्चीवर, माझी पोत्यावर. ओवीला स्पेलिंगचं जाड पुस्तक. आठवड्याला एक यादी, शनिवारी परीक्षा. धाकट्या अधिराजला ते झेपत नव्हतं. त्यालाही बी आणि डी एकच दिसायचे. म्हणून त्याच्यासाठी वहिनींनी वेगळा कोर्स मागवला. परातीत रवा पसरायचा, बोटानं अक्षर काढायचं, काढताना मोठ्यानं आवाज म्हणायचा. एक आवाज पक्का झाला की मग दुसरा. त्याची परीक्षा नाही.

सम्यकला जाड पुस्तक दिलं. तो सगळं चुकायचा.

अधिराज चुकला की वहिनी म्हणायच्या, "त्याची शिकायची पद्धत वेगळी आहे."

सम्यक चुकला की म्हणायच्या, "याच्या डोक्यातच नाही गं."

चूक तीच. अक्षरं तीच.

पोरं पोरांसारखी असतात. वहिनींची पाठ फिरली की अधिराज सम्यकला परातीजवळ ओढायचा. सम्यक बोट फिरवायचा, तोंडानं आवाज काढायचा. घरी येऊन मला भिंतीवर अक्षर काढून दाखवायचा. बरोबर काढायचा! आणि त्या दिवशीचा रवा माझ्या पदरात यायचा. मी खुश. पोरगं शिकतंय, वर शिरा.

एका दुपारी मी बाहेरच्या मोरीवर भांडी घासत होते. स्वयंपाकघरात मला काम नसायचं. मला वाटायचं, वहिनी माझा त्रास वाचवतात. मोरीवरून आतलं दिसायचं. वहिनी परातीतला रवा चाळणीतून चाळून डब्यात भरत होत्या. सावकाश, कण सांडू न देता.

ओवी म्हणाली, "आई, आज मावशीला नाही द्यायचा?"

"आज कशाला? आज तिच्या पोरानं कुठं हात लावलाय."

हातातली कढई तशीच राहिली. नळ वाहत राहिला. जितका शिरा खाल्ला होता तितका घशाशी आला. आमच्या भिंतीवर कोणाचा फोटो आहे, आम्ही कोणत्या विहारात जातो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला पडवी दिसली. पोतं दिसलं. बाहेरची मोरी दिसली. सगळं रोजचंच होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो बैलांना पाणी दाखवत होता. वर न बघता म्हणाला, "चूप राहा. पाडवा जवळ आला."

त्याच आठवड्यात मालक गोठ्यापाशी सम्यकचा दंड दाबून बघायला लागले. "काय रे छोटे गडी, दंड भरायलेत की तुझे! औताला जुंपावं का तुला?" सगळे हसले. सम्यकही हसला. त्याला कोणी हुशार म्हणत नव्हतं, निदान ताकदीचा म्हणाले. दोन दिवसांनी मालकांनी बाजारातून एक लहान विळा आणला आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवला. "पोराच्या मापाचा हाय," एवढंच बोलले. मी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी विळा खोलीत आत होता. खुंटीला अडकवलेला. नवऱ्याच्या खुंटीला.

रविवारी मी दोघांना घेऊन एसटीनं परभणीला गेले. तिथं विहारात एक निवृत्त शिक्षिका पोरांचा अभ्यास घेतात. बाईंनी दोघांना जवळ बसवलं, थोडं वाचून घेतलं, थोडं लिहून घेतलं. मी विचारलं, "बाई, मोठ्याला कोणतं पुस्तक घेऊ? लहानीचंच चालेल का?"

"एका मापाचा सदरा दोघांला कसा बसंल?" बाई म्हणाल्या. "पोरीला शब्दांची यादी दे, तिला पळू दे. पोराला एकच आवाज दे. आठ दिस लागू दे, महिना लागू दे. मातीत काढू दे, हवेत काढू दे. आन् एकाच्या यादीवर दुसऱ्याला मोजायचं न्हाई."

"मला इंग्रजी येत नाही जी."

"मग तिसरी तू बस की! हसायलीस काय? खरं सांगायलेय मी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरी शिकव, पण शाळेच्या पटावरचं नाव काढू नको. नाव निघालं की पोरगं मालकाचं झालं म्हणून समज."

एसटीत मला एकदम आठवलं. वहिनींनी महिनाभरापूर्वीच सांगितलं होतं, सम्यकचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आण. माझं जायचं राहूनच गेलं होतं.

सोमवारी पडवीत नवी पुस्तकं आली होती. वहिनी खुशीत होत्या. "ओवी आणि प्रज्ञा आता एकत्र, पुढच्या पायरीला. अधिराजला त्याचाच कोर्स, दुसरा भाग. आणि सम्यकचं म्हणशील तर... त्याला अक्षर लागायचं नाही गं. उगं कशाला छळायचं? यंदा बापाबरोबर त्यालाही सालात धरू. ह्यांचं बोलणं झालंय."

"कोणाशी?"

"तुझ्या नवऱ्याशी."

मग माझ्याच तोंडून निघालं, "अक्षर तर अधिराजलाही लागत नाही."

"काय म्हणलीस?"

"त्याच्यासाठी विळा आणला का कोणी?"

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "तोंड सांभाळ. तुझ्या पोरांना दारात बसवून घेतलं, ते विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणूनच इतके दिवस गप होते. दोघं शिकतील, नाहीतर दोघं उठतील."

"मग उठव. पाडव्याला बघू, कुठं बसतात ते."

मी म्हणाले, "प्रज्ञा, ऊठ."

ती उठली नाही. नवं पुस्तक तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. वास घेत होती त्याचा. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती रडली नाही. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर अजून माझ्यावरून उतरलेली नाही.

आता पाडवा तोंडावर आलाय. मालक दारावरून जातात, बोलत नाहीत. आमच्या खोलीची वीज दोनदा गेली, गोठ्यातली चालू होती. नवरा म्हणतो, "मी शब्द दिला आहे. आता कुठं जायचं?" मी म्हणते, "शब्द तुमच्या अंगमेहनतीचा द्या. पोराचा नका देऊ." तो भिंतीकडं तोंड करून झोपतो.

रोज सकाळी मी दोघांना घेऊन बसते. प्रज्ञाची यादी वेगळी, सम्यकचा आवाज वेगळा, आणि मी त्याच्याच पायरीवर. कधी तो माझ्या पुढं असतो. प्रज्ञा अजून माझ्याशी धड बोलत नाही. सम्यक कधी वाचायला लागेल, लागेल की नाही, मला ठाऊक नाही. बाईंनाही ठाऊक नाही.

पण मालक साल बोलायला येतील, तेव्हा नवऱ्याच्या पुढं मी उभी असणार. खोली काढून घ्या म्हणावं. साल मोडा म्हणावं. भांडी मी आधीच बांधलीत. माझ्या पोराला काय येईल आणि काय येणार नाही, हे ज्याला ठरवायचं असेल, त्यानं आधी माझ्याशी बोलायचं. मालकानं पण. बापानं पण.